एक गाव, चार पब आणि माझा लाइम-सोडा

मागच्या एपिसोडनंतर ज्यांनी ज्यांनी व्हॉइस नोट पाठवल्या, त्या सगळ्यांना थँक यू. उत्तरं द्यायची राहिलीत, देते. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लिखित एपिसोड. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

आजचा विषय आहे पब. थांबा, थांबा! घरात स्पीकरवर लावलं असेल आणि आई शेजारी बसली असेल, तरी बंद करू नका. मी एका दुपारी चार पब फिरले आणि चारही ठिकाणी लाइम-सोडाच प्यायले. तरीही ती माझी इथली आतापर्यंतची सगळ्यात लक्षात राहिलेली दुपार आहे. का, ते सांगते.

तुम्हाला माहितीये, मी सध्या एडिनबरामध्ये शिकतेय. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने विचारलं, "शनिवारी येतेस का? साउथ क्वीन्सफेरीला पबची पायी सहल आहे. एक रिटायर्ड काका गावातले पब दाखवतात आणि इतिहास सांगतात." मी पटकन हो म्हणाले आणि रात्रभर विचार करत बसले की आपण हो का म्हणालो.

कारण असं की मी बार्शीची. आणि बार्शीत माझ्या डोक्यात बार म्हणजे एकच चित्र होतं. हिरवा पडदा. बाहेर पाटी, "परमिट रूम". मी दहा-अकरा वर्षांची असेन. संध्याकाळी साडेआठ झाले की आई म्हणायची, "जा, पप्पांना बोलवून आण." आई स्वतः जायची नाही, कारण बायका तिथे जात नाहीत. आणि पोरगी दिसली की बाप उठतो, हे तिला माहीत होतं. मी पडद्याबाहेर उभी राहायची. आत जायची परवानगी नव्हती आणि हिंमतही नव्हती. तिथला वेटर मला कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे आणून द्यायचा आणि आत जाऊन सांगायचा, "शेठ, पोरगी आलीय." पप्पा शेठबिठ काही नव्हते. मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात दिवाणजी होते.

तर हे सगळं घेऊन मी शनिवारी ट्रेनमध्ये बसले.

आता गावाबद्दल थोडं. साउथ क्वीन्सफेरी हे एडिनबराच्या पश्चिमेला, फोर्थ नावाच्या खाडीच्या काठावरचं छोटं गाव. लोकसंख्या नऊ-दहा हजारांच्या आसपास. एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून ट्रेन पकडायची आणि डॅल्मेनी स्टेशनला उतरायचं. वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत. नावाचा अर्थ सोपा आहे, राणीची फेरीबोट. अकराव्या शतकात स्कॉटलंडची राणी मार्गारेट हिने सेंट अँड्र्यूजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी इथे खाडी ओलांडायला होडीची सोय केली, असं सांगतात. म्हणजे बघा, आपल्याकडे वारकऱ्यांना नदी पार करायला नाव लागायची, तसाच प्रकार. त्या दिवसापासून जवळजवळ नऊशे वर्षं इथे फेरी चालू होती. १९६४ मध्ये रस्त्याचा पूल झाला आणि फेरी बंद पडली.

आता जिथे फेरी असते तिथे थांबणारे लोक असतात. वारा पडलाय, भरती नाही, धुकं आलंय, थांबा. आणि जिथे लोक थांबतात तिथे खाणंपिणं आलंच. आपल्या एसटी स्टँडसमोर कॅन्टीन असतं ना, तोच न्याय. म्हणून एवढ्याशा गावात एवढे पब.

हाय स्ट्रीटवर घड्याळाच्या मनोऱ्याखाली आम्ही जमलो. अकरा जण. रस्ता दगडी, घरं चिकटून चिकटून, आणि गंमत म्हणजे रस्ता दुमजली आहे. खाली दुकानं, आणि दुकानांच्या डोक्यावरून दुसरी पायवाट जाते, तिथे वरच्या घरांचे दरवाजे. मार्गदर्शक काका सत्तरीचे. हातात काठी, डोक्यावर सपाट टोपी. त्यांचं नाव मी सांगणार नाही, का ते पुढे कळेल. त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "चार पब आहेत. प्रत्येक ठिकाणी प्यायलाच हवं असं नाही, पण प्रत्येक ठिकाणी बसायलाच हवं."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

पहिला पब, फेरी टॅप. आत शिरले तेव्हा माझे हात गार पडले होते, खोटं का बोलू. पण आत पडदा नव्हता. दिवसाउजेड होता. एका टेबलाखाली कुत्रा झोपला होता, एक आजी वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होत्या, आणि दोन बाप्ये फुटबॉलवरून वाद घालत होते. मला एकदम आमच्या आजोळच्या चावडीची आठवण झाली.

इथे पबमध्ये वेटर टेबलावर येत नाही, बहुतेक ठिकाणी तरी. आपण काउंटरला जायचं, सांगायचं, पैसे द्यायचे, ग्लास उचलून आणायचा. रांग दिसत नाही, पण असते. तुमच्या आधी कोण आलं हे सगळ्यांना माहीत असतं. मध्ये घुसलात तर कुणी भांडत नाही, फक्त सगळे शांत होतात. ते जास्त लागतं, मी सांगते.

बिअर पिंटमध्ये मिळते. पिंट म्हणजे ५६८ मिली. अर्धी पण मिळते. व्हिस्कीचं माप २५ किंवा ३५ मिली, म्हणजे आपल्याकडच्या "नाइंटी"वाल्यांना हे चमचाभर वाटेल. इथले जुने लोक अर्धी पिंट बिअर आणि शेजारी छोटी व्हिस्की अशी जोडी घेतात, तिला "हाफ अँड हाफ" म्हणतात. आणि काही बिअरच्या नावात "एटी शिलिंग", "सेव्हन्टी शिलिंग" असं असतं. शिलिंग हे जुनं नाणं, कधीच बंद झालं. पूर्वी पिंपाच्या किमतीवरून बिअरचा कडकपणा ओळखायचे, ते नाव तसंच राहिलं. आपण अजून "सोळा आणे खरं" म्हणतोच की.

काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे ओळखपत्र मागितलं. मी म्हटलं, मला लाइम-सोडा हवाय! ती हसली, म्हणाली, मग नको. इथे अठराव्या वर्षी पिता येतं, पण पंचविशीच्या आतलं कुणी वाटलं तर वय तपासायचं, असा २०११ पासून कायदाच आहे. मैत्रिणीला दाखवावं लागलं.

मी ग्लास घेऊन वळले आणि बघते तर काकांसमोरही लाइम-सोडा. मला वाटलं, काम चालू आहे म्हणून असेल.

दुसरा पब, स्टॅग हेड. इथे काकांनी रविवारची गोष्ट सांगितली. ही मला फार आवडली.

१८५३ मध्ये एक कायदा झाला आणि स्कॉटलंडभर रविवारी पब बंद. देवाचा वार. पण एक पळवाट होती. तुम्ही खरेखुरे प्रवासी असाल तर हॉटेलात दारू मिळायची. मग काय! हॉटेलात वही ठेवलेली असायची. कुठून आलात, कुठे निघालात, सही करा आणि प्या. मग शेजारच्या गावचे लोक चालत या गावात यायचे आणि या गावचे चालत त्या गावात जायचे. रविवारी सगळं स्कॉटलंड प्रवासी! काका म्हणाले, "आमच्या गावात तर बोटच लागायची, आम्ही जन्मतःच प्रवासी." हे सगळं किती वर्षं चाललं असेल? १९६२ मध्ये हॉटेलांवरची ती प्रवाशाची अट गेली, आणि पब रविवारी उघडायला १९७६ चा कायदा यावा लागला. शंभर वर्षांहून जास्त.

आणि पुढचं ऐका. १९१३ मध्ये अजून एक कायदा आला. प्रत्येक भागातल्या मतदारांनी मत देऊन ठरवायचं, आपल्याकडे दारूची दुकानं हवीत की नकोत. मतदान १९२० पासून सुरू झालं. उत्तरेला विक नावाचं मासेमारीचं बंदर आहे, तिथल्या लोकांनी "नको" म्हटलं. १९२२ ते १९४७, पंचवीस वर्षं ते गाव कोरडं होतं.

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. म्हटलं, "काका, हे आमच्याकडे अजून आहे." आणि त्या अकरा लोकांना मी "उभी बाटली, आडवी बाटली" समजावून सांगितलं. महाराष्ट्रात गावातल्या बायका मागणी करतात, मतदान होतं, निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. आईच्या माहेरी असं मतदान झालं होतं. आजी काठी टेकत जाऊन शिक्का मारून आली होती. एका काकूंनी विचारलं, "मग दारू थांबली?" मी खरं तेच सांगितलं. दुकान बंद झालं. पुरुष सायकलवर शेजारच्या गावी जायला लागले. पण आजी म्हणायची, निदान घराच्या दारातून तरी गेली ना, निदान सायकल चालवण्याइतकं तरी शुद्धीत राहावं लागतं ना.

सगळे हसले. काका नाही हसले. ते म्हणाले, "तुझी आजी हुशार होती."

तिथून आम्ही पाण्याकडेने निघालो. चालता चालता त्यांनी बरी मॅनबद्दल सांगितलं. दर ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी या गावात एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत काटेरी बोंडं चिकटवून घेतो. आपल्याकडे रानातून आल्यावर कपड्यांना गोखरू चिकटतं ना, त्याच जातीचा प्रकार, पण हजारोंनी. चेहरासुद्धा दिसत नाही. डोक्यावर फुलांची टोपी, दोन्ही हात आडवे, हातात फुलांनी सजवलेल्या काठ्या, आणि दोन्ही बाजूंनी दोन सोबती त्याला धरून चालवतात. तो बोलत नाही. दिवसभर, सुमारे नऊ तास, सात मैल गावभर फिरतो. आणि ठिकठिकाणी, पबसमोर, घरांसमोर, लोक त्याला स्ट्रॉने व्हिस्की पाजतात! तो आला की भाग्य येतं, अशी समजूत. हे कधी सुरू झालं, का सुरू झालं, कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. पण तो माणूस याच गावात जन्मलेला असावा लागतो, हा नियम.

मी विचारलं, तुम्ही कधी झालात का? काका म्हणाले, "मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो. नाही म्हणायला जी व्हिस्की लागते ती मी तेव्हा सोडली होती."

तिसरा पब. याचं नाव मुद्दाम सांगत नाही. खिडकीतून खाडी दिसते एवढं पुरे. बाकीचे फोटो काढत होते आणि मी काकांच्या समोर बसले. त्यांनी खाऱ्या शेंगदाण्यांचं पाकीट फाडून टेबलाच्या मध्यावर उघडं पसरलं. इथे पद्धतच आहे, पाकीट असं फाडायचं की सगळ्यांना घेता येईल. म्हणजे आपला चकणाच. मी हात लावला नाही. त्यांनी विचारलं, शेंगदाण्यांची ॲलर्जी आहे का? आणि मला काय झालं माहीत नाही, मी त्यांना सगळं सांगितलं. हिरवा पडदा, पुडी, "शेठ, पोरगी आलीय". एका अनोळखी माणसाला, परक्या देशात, परक्या भाषेत. मराठीत मी हे अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आज तुम्हाला सांगतेय.

ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या मुलाला माझी बायको पाठवायची. याच दारात उभा राहायचा तो." आणि त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

बावीस वर्षं झाली त्यांना सोडून. मी विचारलं, मग तुम्ही इथे येता कसे? मला तर या वासानेसुद्धा मळमळतं. ते म्हणाले, "पोरी" – म्हणजे ते "लॅस" म्हणाले, त्याचा अर्थ तोच – "पोरी, माझे सगळे मित्र इथे होते. माझ्या बापाचे मित्र इथे होते. दारू सोडली तेव्हा मला वाटलं, गावच सुटलं. घरी बसायचो. चार वर्षं बसलो. दारूने जेवढं मारलं नसतं तेवढं त्या खुर्चीने मारलं असतं."

मंडळी, हे ऐकून मला एकदम पप्पा दिसले.

पप्पांनी दारू सोडून नऊ वर्षं झाली. सोलापूरला मीटिंगला जायचे सुरुवातीला, आई सोबत जायची. सुटली. आम्ही सगळ्यांनी देवाला पेढे वाटले. पण एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नाही. पप्पांचे सगळे मित्र त्या परमिट रूममध्ये होते. दारू सुटली तसे मित्र सुटले. टपरीवर चहालासुद्धा जायचे बंद झाले, कारण टपरीवरही तेच लोक, आणि तिथून उठून ते कुठे जाणार हे माहीत. नऊ वर्षं माणूस कामावरून येतो, टीव्हीसमोर बसतो आणि झोपतो. आम्हाला वाटायचं, चला, घरात आहेत. सुटलो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते, नाहीतर हा एपिसोड पबची जाहिरात होईल. स्कॉटलंडमध्ये दारू हा गोड विषय नाही. २०२३ या एका वर्षात इथे १,२७७ लोक थेट दारूमुळे मेले. देशाची लोकसंख्या साधारण साडेपाच कोटी नाही हं, साडेपाच मिलियन, म्हणजे पंचावन्न लाख. आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. म्हणून २०१८ मध्ये इथे दारूची किमान किंमत ठरवणारा कायदा आला, एका युनिटला पन्नास पेन्सच्या खाली विकायची नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ती पासष्ट पेन्स केली. दुकानात रात्री दहानंतर दारू विकत मिळत नाही. गाडी चालवताना रक्तात किती दारू चालते, ती मर्यादा इंग्लंडपेक्षा इथे कडक आहे, २०१४ पासून. म्हणून आम्ही सगळे ट्रेनने आलो होतो. स्वस्तातली कडक दारू घरी नेऊन एकट्याने पिणाऱ्याला कुणीच बघत नाही, काका म्हणाले. पबमध्ये निदान कुणीतरी म्हणतं, "बास आता, घरी जा." मला हे पूर्ण पटलं नाही. बार्शीत पप्पांना कुणी "बास" म्हटलेलं मला आठवत नाही. मी तसं बोलले. ते म्हणाले, "बरोबर आहे. मलाही नव्हतं म्हटलं." एवढंच.

शेवटचा पब, हॉज इन. पांढऱ्या भिंती, काळ्या कडा, सतराव्या शतकातली सराई. जुन्या धक्क्यासमोर उभी आहे आणि तिच्या जवळजवळ डोक्यावरून तो प्रसिद्ध लाल पूल जातो. फोर्थ ब्रिज. तुम्ही फोटोत नक्की पाहिला असेल, तीन मोठे लाल सांगाडे पाण्यात उभे. वाचणाऱ्यांसाठी सांगते, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या "किडनॅप्ड" या कादंबरीत ही सराई येते. १८८६ सालची कादंबरी. त्यातल्या पोराला इथूनच फसवून जहाजावर नेतात.

आणि त्याच काळात बाहेर हा पूल बांधला जात होता. १८८२ ला काम सुरू, ४ मार्च १८९० ला उद्घाटन. सुमारे ५३ हजार टन पोलाद, पासष्ट लाख रिव्हेट. ऐन कामाच्या वेळी साडेचार हजारांच्या वर माणसं. लाल तापलेला रिव्हेट फेकायचा, दुसऱ्याने झेलायचा, तिसऱ्याने ठोकायचा, आणि हे सगळं खाडीच्या वाऱ्यात, शेकडो फुटांवर. यात तेरा-चौदा वर्षांची पोरंही होती. किती मेले? वर्षानुवर्षं सत्तावन्न सांगायचे. मग इथल्याच लोकांनी जुनी कागदपत्रं, दफनाच्या नोंदी चाळल्या आणि त्र्याहत्तर नावं मिळाली. आता त्यांची स्मारकं आहेत, खाडीच्या दोन्ही काठांना. पुलाखाली वाचवायला होड्या ठेवलेल्या असायच्या, त्यांनी आठ जणांना वाचवलं.

आता ही सराई कामाच्या बरोबर मध्ये. तेव्हाच्या पुलाच्या लोकांनी तक्रार केली होती की या सराईतल्या व्हिस्कीमुळे माणसं पडतात. काका हे सांगून थांबले. मग म्हणाले, "काही जण प्यालेले असतील, नाही म्हणत नाही. पण गारठा व्हिस्कीने आणला नव्हता. रेलिंग व्हिस्कीने काढलं नव्हतं. मेल्यावर दोष द्यायला बाटली फार सोयीची असते." आणि मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "आणि जिवंतपणी दोष टाळायलाही."

मी बाहेर धक्क्यावर आले. संध्याकाळचे सहा. इथे सहा म्हणजे भारतात साडेदहा. पप्पांना फोन लावला. जागे होते, बातम्या चालू होत्या मागे.

"काय गं बाळा, कुठे आहेस? वारा लई येतोय."

म्हटलं, "पप्पा, पबमध्ये आलेय."

बातम्यांचा आवाज बंद झाला.

मी घाईघाईने सांगितलं, मी काही घेतलं नाही, लाइम-सोडा घेतला. आणि मग काकांची गोष्ट सांगितली. बावीस वर्षं झाली सोडून, तरी रोज येतात, सोडा पितात, लोकांना इतिहास सांगतात. पप्पा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "हसत नाहीत का त्यांना? सोडा पितो म्हणून?"

म्हटलं, "नाही पप्पा. काउंटरवाली त्यांना विचारत पण नाही. ते आत आले की सोड्याचा ग्लास भरायला लागते."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "त्यांना एक विचारशील? पहिल्यांदा परत गेले तेव्हा कसं केलं?"

मंडळी, नऊ वर्षांत पप्पांनी दारूबद्दल स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी आत गेले आणि विचारलं. काका म्हणाले, सांग त्यांना. एक, चार वर्षं गेलोच नाही. घाई केली नाही. दोन, एकटा गेलो नाही. न पिणारा एक मित्र सोबत घेतला. तीन, संध्याकाळी नाही गेलो, दुपारी तीनला गेलो, गर्दी नसते तेव्हा. चार, दाराजवळ बसलो. आणि पाच, वीस मिनिटांत उठलो, चांगलं वाटत होतं तरी उठलो. मी फोनवर एक एक करून मराठीत सांगितलं. पप्पा "हं... हं..." करत होते. मला नंतर आईकडून कळलं, ते वीजबिलाच्या पाठीमागे लिहून घेत होते.

इथे थांबून एक सांगते. तुमच्या घरात कुणी दारू सोडली असेल, तर हा एपिसोड ऐकवून त्यांना बारमध्ये पाठवू नका, प्लीज. काकांना जमलं म्हणून सगळ्यांना जमेल असं नाही. आपापल्या मीटिंगमधल्या माणसांना, डॉक्टरांना विचारा. मला फक्त एवढंच म्हणायचंय की दारू सोडलेल्या माणसाला आपण घरात बसवून ठेवतो आणि त्याला यश म्हणतो. त्याला बसायला दुसरी जागा लागते. माणसं लागतात.

आता ज्यांना खरंच तिकडे जायचंय त्यांच्यासाठी झटपट. डॅल्मेनीला उतरलात की पुलाजवळून जेकब्ज लॅडर नावाच्या पायऱ्या थेट हॉज इनकडे उतरतात. मी जाताना रस्त्याने गेले आणि येताना या पायऱ्या चढले, तर सल्ला असा की उलटं करा. सगळी फिरती मिळून जेमतेम दीड-दोन किलोमीटर, पण जॅकेट घ्या, जूनमध्येसुद्धा. पासपोर्ट किंवा ओळखपत्र ठेवा. ग्रुपमध्ये असाल तर राउंडची पद्धत लक्षात ठेवा. एक जण सगळ्यांसाठी आणतो, पुढच्या वेळी दुसरा. मी सोडाच पिते म्हणून राउंड चुकवायचा नाही, आपली पाळी आली की उठायचं. आणि पबमध्ये साधं प्यायचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, कायदा आहे, तेव्हा लाजू नका.

ही फिरती होऊन आता तीन आठवडे झाले. मागच्या रविवारी आईचा मेसेज आला. जसा आला तसा वाचते. "पप्पा आज दुपारी टपरीवर गेले होते. शेजारचे जोशीकाका सोबत होते. चहा पिऊन वीस मिनिटांत आले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी टीव्ही नाही लावला."

काकांना मी हे अजून सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी जाणार आहे, तेव्हा समोर बसून सांगेन. आणि शेंगदाण्यांचं पाकीट या वेळी मी घेणार. राउंड माझा आहे.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या गावात न पिणाऱ्या माणसाला संध्याकाळी बसायला कुठली जागा आहे? कट्टा, पार, वाचनालय, टपरी, काहीही. मला व्हॉइस नोट पाठवा. छोटी पाठवा हं, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती. ऐकली मी. पूर्ण ऐकली.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.